मुल्गोलची खुशाली

मुल्गोल, १२ मार्च

दोंगुक,

जेवलास का? आधी जेव, मग वाच.

हे पत्र मी स्वतः लिहितेय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी तुझ्या आत्याला अक्षरं फुटली. गावच्या सभागृहात नाम आडनावाच्या बाई आठवड्यातून दोनदा शिकवायला येतात. त्यांनी सांगितलं, प्रत्येकीनं एक पत्र लिहायचं, आणि ज्याच्याकडून उत्तर येईल अशा माणसाला लिहायचं. ओक्बुननं मुलाला लिहिलं. मुलगा तिच्या शेजारच्या खोलीत राहतो. तिकिटाला पैसे कशाला घालवू म्हणाली, आणि दाराखालून सरकवलं. तिला अजून उत्तर आलेलं नाही.

मी तुलाच लिहिणार, दुसरं आहे कोण? तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तेव्हापासून माझ्याच ताटात जेवलास. मी मेले की माझी तसबीर छातीशी धरून पुढे चालायचं काम तुझं. दुसऱ्या कुणाच्या हातात ती मला नको.

तसबिरीवरून आठवलं. गेल्या साली अधिक महिन्यात तू येऊन आम्हा अकरा जणींच्या तसबिरी त्या काचेच्या पाटीवर काढल्यास, ते फार बरं झालं. अधिक महिन्यात देवांचं लक्ष दुसरीकडे असतं, तेवढ्यात कफन-तसबीर उरकून घेतली की आयुष्य वाढतं. आणि बघ, वर्ष होत आलं, अकराच्या अकरा जणी टणटणीत आहोत. गुम्न्योताई तर रोज कपाट उघडून स्वतःला बघते. तू तिचे केस काळे केलेस ना, म्हणून. ओक्बुनची मात्र अजून तक्रार आहे की सोन्याचा दात नीट चमकत नाही.

परवा तुझ्याकडून मांसाचा खोका आला, आणि पाय चेपायचं यंत्र आलं. सभागृहात भांडणं लागलीयत त्या यंत्रावरून. एवढं कसलं रे हे? आम्ही तुला काय दिलंय?

बाईंनी अकरा चुका काढल्या. पुढच्या वेळी कमी होतील.

आत्या


सेऊल, २० मार्च

आत्या,

जेवलो. खरंच जेवलो.

तुझं पत्र तीनदा वाचलं. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू उलटं ऐकतेस, त्यापेक्षा हे छान आहे. यापुढे पत्रच लिही. बाईंना चुका दुरुस्त करू देऊ नकोस. तुझ्या चुका मला आवडतात.

तू विचारलंस, आम्ही काय दिलंय. आत्या, तुम्ही मला चेहरे दिलेत. ती अकरा चित्रं मी नेटवरच्या बाजारात मांडली. आता चित्र तर कुणीही बघू शकतं, फुकट बघू शकतं. मग विकायचं काय? तर मालकी. जमिनीचा जसा उतारा असतो तसा चित्राचा उतारा. तो कागदावर नसतो, जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी लिहिलेला असतो, कुणाला खाडाखोड करता येत नाही. त्याला एनएफटी म्हणतात. शेत सगळ्यांना रस्त्यावरून दिसतं, पण उतारा एकाच्या नावावर असतो ना, तसं.

‘मुल्गोलच्या अकरा आज्या’ असं नाव दिलंय. दहा विकल्या गेल्या. कॅनडातल्या एका माणसाकडे गुम्न्योआजी आहे, ओक्बुनआजी इथल्याच एका पोराकडे आहे. तू कुणाकडेच नाहीस. तुझं चित्र मी विकायला काढलं नाही आणि काढणारही नाही.

ते यंत्र त्यातूनच आलंय. तुम्ही सगळ्यांनी त्या दिवशी कागदावर शिक्के मारले होते, आठवतं? त्याप्रमाणे तुमचा वाटा.

एक काम करशील? दर महिन्याला मला सगळ्यांची खुशाली लिहून कळव. कोण काय म्हणाली, कुणाचं काय दुखतंय, कोण कुणावर रुसली. घेणाऱ्यांना आपल्या आजीबद्दल ऐकायला फार आवडतं. या लोकांना स्वतःच्या आज्या नाहीत गं.

तुझा
दोंगुक


मुल्गोल, ४ एप्रिल

दोंगुक,

शिक्के आम्ही तसबिरीच्या चौकटी मिळाल्याची पोच म्हणून मारले होते. पण असू दे, तू थोडाच परका आहेस.

उताऱ्याचं मी सभागृहात समजावून सांगितलं. कुणाला काही कळलं नाही, पण गुम्न्योताई कॅनडात आहे हे सगळ्यांना कळलं. तेव्हापासून ती भांडी घासायला उठत नाही. ‘कॅनडातल्या बाईला सांगता का भांडी घासायला’ म्हणते.

आता खुशाली. गुम्न्योताई चौऱ्याऐंशीची, छाती धडधडते, जिभेखाली गोळी ठेवते आणि लगेच पत्ते पिसायला घेते. परवा गोळी ठेवून तीन डाव जिंकली. हान वहिनीच्या गुडघ्यात पाणी झालंय, सुईनं काढलं. पलीकडच्या आळीतली सुन्नेम आता नावं विसरते, मला तिच्या सासूच्या नावानं हाक मारते आणि दोन शिव्या देते. सासूनं छळलं होतं तिला, म्हणून मीही ऐकून घेते.

ओक्बुनला खोकला आहे. हिवाळ्यात धरला तो सोडतच नाही. स्टीलच्या पातेल्यात थुंकते आणि पातेलं बघून मला म्हणते, ‘मल्सुन, या साली किमची घालायला मी असेनसं वाटत नाही.’ मी म्हटलं, दर वर्षी काम चुकवायला काहीतरी काढतेसच. तर हसता हसता आणखी खोकली.

तिची सून थुई तिला फार जपते. व्हिएतनामहून आली तेव्हा तिला आपल्यातलं एक अक्षर येत नव्हतं. आता बाजारात तिच्यासारखी घासाघीस कुणाला जमत नाही.

आणि मी बरी आहे. रोज डोंगरावर जाते, दोन वाट्या भात खाते. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

नऊ चुका. पण दुरुस्त न करता पाठवतेय, तू म्हणालास म्हणून.

आत्या


सेऊल, ११ एप्रिल

आत्या,

काय सुंदर लिहितेस! सुन्नेमआजीचा भाग वाचून माझ्या ऑफिसातली पोरं हसून हसून लोळली. हो, ऑफिस घेतलंय. चार जण कामाला आहेत.

ओक्बुनआजीची काळजी वाटते. खोकला नक्की कशाचा आहे? डॉक्टरनं फोटो काढला का छातीचा? थुंकीत रक्त असतं का? कोणत्या दवाखान्यात नेलं? जमलं तर थुईला विचारून नीट लिही. आणि गुम्न्योआजीच्या गोळीचं नावही लिही, डबीवर असतं.

सभागृहासाठी गरम हवेचं यंत्र पाठवतोय. सगळ्यात मोठं.

दोंगुक


मुल्गोल, २ जून

दोंगुक,

गुम्न्योताई गेली. सकाळी लसणाच्या शेतात बसली ती उठली नाही. त्रास झाला नाही म्हणतात, आणि आपण तरी दुसरं काय म्हणणार.

तू काढलेली तसबीर फुलांच्या मधोमध ठेवली होती, कोपऱ्यावरून काळी फीत बांधून. जो तो म्हणाला, एवढी देखणी तसबीर या तालुक्यात कुणाची झाली नाही. काळ्या केसांत ती साठीची दिसत होती. तिचा मुलगा तसबीर धरून रडला, म्हणाला, आई अशी होती हे मी विसरूनच गेलो होतो. मला तुझा अभिमान वाटला. बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, माझ्या भाच्यानं काढलीय.

पण एक विचारायचं होतं. फुलांच्या पाच मोठ्या कमानी आल्या. मुलाला वाटलं कारखान्यातून आल्या असतील. फितीवरची नावं वाचली तर ‘चांद्रकोल्हा अठ्ठ्याऐंशी’, ‘गोठलेला बटाटा’, ‘मांजरीचा बाप’ छापाचं काहीतरी. कुणाचीच ओळख लागेना. मुलगा मला विचारतोय, काकू, आईचे हे कोण? मी काय सांगू? आणि मी तर तुला अजून कळवलंही नव्हतं. ती मंगळवारी गेली, कमानी बुधवारी आल्या.

तुझ्या ऑफिसातून कुणी मुलगी रोज थुईला फोन करून आमची चौकशी करते म्हणे. तिनंच सांगितलं असेल. बरी आहे मुलगी. लग्नाचं बघ.

आत्या


सेऊल, ९ जून

आत्या,

गुम्न्योआजीची बातमी कळली तेव्हा आम्ही सगळ्यांनी काम थांबवलं होतं. कमानी ज्यांनी पाठवल्या त्यांच्याकडे आपल्या आज्या आहेत. प्रेमानं पाठवल्या. नावं विचित्र असतात त्यांची, मनात आणू नकोस.

तुझ्यापासून काय लपवायचं? मी चित्रांत एक सोय करून ठेवली होती. आजी गेली की नेटवरच्या तिच्या चित्राच्या कोपऱ्यात आपोआप काळी फीत येते. आपल्याकडे जशी बांधतात तशीच. मला वाटलं, हा मान आहे. लोकांना ते इतकं भिडलं, आत्या, की त्या एका दिवसात कॅनडावाल्याकडून ते चित्र नऊपट भावानं उचललं गेलं. फीत असलेलं चित्र एकच आहे ना जगात. आणि चित्र दर वेळी हात बदलतं तेव्हा दहावा हिस्सा माझ्याकडे येतो, आणि माझ्याकडून तुमच्याकडे.

आता सगळ्याच आज्यांना मागणी आहे.

ओक्बुनआजीच्या छातीच्या फोटोचं तू लिहिलंच नाहीस.

दोंगुक


मुल्गोल, ३० ऑगस्ट

दोंगुक,

हे पत्र बाईंना दाखवलेलं नाही आणि चुका मोजलेल्या नाहीत.

जवळजवळ तीन महिने मी लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. गावात परकी पोरं यायला लागली. चांगल्या कपड्यांतली, हातात फोन घेतलेली. सभागृहाच्या दारात उभी राहून विचारतात, ‘यांतली ओक्बुनआजी कोण?’ एक पोर शेंगा सोलत बसलेल्या ओक्बुनशेजारी अर्धा तास बसलं आणि तिला विचारलं, ‘आजी, हल्ली जेवण जातं का?’ ओक्बुनला वाटलं सरकारी माणूस. तिनं खरं ते सांगितलं, जात नाही म्हणून. पोरानं तिथल्या तिथे फोनवर काहीतरी टिपलं आणि जाताना नीट वाकून नमस्कार केला.

मग काल थुईनं फोनवर तुझं ते दुकान उघडून दाखवलं. अकरा जणींची चित्रं ओळीनं. खाली नावं. गुम्न्योताईचं नाव लाल. ते ठीक, ती गेली. पण तिच्याखाली ओक्बुनचं नाव लाल! जिवंत माणसाचं नाव लाल अक्षरांत! दोंगुक, तुला शाळेत लाल पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहिलंस म्हणून मी फोडून काढलं होतं, विसरलास? आम्ही सगळ्या बघत होतो आणि ओक्बुनही बघत होती. ती म्हणाली, ‘अगं, यांनी तर माझं आधीच ठरवून टाकलंय,’ आणि घरी जाऊन पडली.

चित्राखाली काय लिहिलं होतं तेही थुईनं वाचून दाखवलं. ‘स्टीलच्या पातेल्यात थुंकते आणि म्हणते, या साली किमची घालायला मी असेनसं वाटत नाही.’ हे माझं वाक्य आहे. पातेल्याचं अक्षर मी चुकवलं होतं, ते तसंच चुकलेलं. तू माझी पत्रं दुकानात लावलीस? मी तुला खुशाली कळवत होते रे, माझ्या माणसाला कळवत होते. चिंध्यांच्या बाजारात मांडायला नव्हती दिली.

आयुष्य वाढावं म्हणून आम्ही त्या तसबिरी करून घेतल्या. आणि तू माणसं आमच्या मरणाची वाट बघत बसवलीस.

ओक्बुनचं नाव काळं कर. माझं लिहिलेलं पुसून टाक. आजच्या आज. दुसरं काही मला नको.

आत्या


सेऊल, ६ सप्टेंबर

आत्या,

तू चिडलीस की किती छान लिहितेस.

लाल रंगाचं सांगतो. बाजारात भाव वाढला की लाल, पडला की निळा, हे शेअरवाल्यांचं आहे, आमचं नाही. मला लहानपणी मारलंस ते आठवतं, पण बाजाराला कोण मारणार? ओक्बुनआजीला सांग, लाल म्हणजे तिची किंमत आहे. आयुष्यात पहिल्यांदा.

पुसण्याबद्दल आधीच लिहिलं होतं. एकदा नोंद झाली की ती कुणाला पुसता येत नाही, मलाही नाही. हेच तर या गोष्टीचं सौंदर्य आहे.

आणि आता थोडं माझंही ऐक. मांस खाल्लंत तेव्हा कुणी विचारलं नाही. पाय चेपून घेतलेत, गरम हवा घेतलीत, छप्पर शाकारून घेतलंत. अकरा जणींनी शिक्के मारले. मी कुणाला विष घातलं नाही, कुणाला ढकललं नाही. म्हातारी माणसं मरतात, आत्या. आधीही मरत होती, फक्त कुणी बघत नव्हतं. तुमच्या गावाचं नाव या देशात कुणाला माहीत होतं का? आज सिंगापुरात लोक हान वहिनीच्या गुडघ्याबद्दल बोलतात.

तुझं नाव निळं आहे. गंमत म्हणून सांगतो, विकायला नसूनही लोक तुझ्यावर भाव लावतात, आणि तो रोज पडतो. डोंगर चढतेस, दोन वाट्या भात खातेस, तुझ्यावर कोण पैसे लावणार? पोरं तुला ‘अमर आजी’ म्हणतात.

रागावू नकोस. पुढची खुशाली लवकर लिही.

दोंगुक


मुल्गोल, २४ ऑक्टोबर

दोंगुक,

ओक्बुन गेली. तुला माहीतच असेल. आम्हाला कळायच्या आत तुला कळतं.

खोकल्यानं गेली असं दाखल्यावर लिहिलंय. ती महिनाभर जेवली नाही. थुई पेज करून चमचा तोंडाशी धरायची, तर ही म्हणायची, ‘लोक खोळंबलेत गं.’ मला वाटलं चेष्टा करतेय. तिची चेष्टा आणि खरं यातला फरक मला साठ वर्षांत कळला नाही. शेवटच्या आठवड्यात मी तिला सांगितलं की तुझं नाव पुन्हा काळं केलंय, दोंगुकनं स्वतः केलंय. ती म्हणाली, ‘दाखव.’ माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

बारा कमानी आल्या. ठेवायला जागा नव्हती, सात रस्त्यावर उभ्या केल्या. एक तरुण मुलगा सेऊलहून गाडी घेऊन आला होता. रीतीनं दोनदा गुडघे टेकून नमस्कार केला, तसबिरीचा फोटो काढला, मग बसून तिखट सूप प्यायला. दुसऱ्यांदा मागून घेतलं. जाताना थुईला म्हणाला, फार आभारी आहे. थुईला वाटलं सुपाबद्दल. तो ओक्बुनचा मालक होता.

आणि आणखी एक. चित्राखालचं लिहिलेलं एका मिनिटात काढता येतं, असं थुईच्या भावानं सांगितलं. तो तुझ्यासारखंच काम करतो, हनोईत. नोंद पुसता येत नाही, पण ते शब्द तू घातलेस, ते तूच काढू शकत होतास. तू मला खोटं लिहिलंस. पत्रात लिहिलेलं खोटं पुन्हा पुन्हा वाचता येतं रे. मी वाचलं.

ती खोकली हे मी लिहिलं. मी लिहायला शिकलेच नसते तर बरं झालं असतं.

आत्या


मुल्गोल, १५ नोव्हेंबर

दोंगुक,

राग बाजूला ठेवून लिहितेय. आता रागाला वेळ नाही.

पोटात गाठ निघाली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात थुई घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणजे पोरगाच आहे, माझ्याकडे न बघता थुईशी बोलत होता. पसरलंय म्हणाला. नव्या वर्षाचं सूप प्यायला मी असेनसं वाटत नाही.

डोंगरावर जाणं बंद झालं. भात उतरत नाही.

गावात कुणाला सांगितलेलं नाही, थुई सोडली तर. फक्त तुलाच. तू माझ्या ताटात जेवलेला आहेस. हे कुठे लावू नकोस.

पत्र हरवू नये म्हणून रजिस्टर करते.

आत्या


सेऊल, १८ नोव्हेंबर, गुरुवार

माझी आत्या,

तुझं पत्र वाचून जगच थांबलं. खूप रडलो. मी चार वर्षांचा असताना तू मला पाठीशी बांधून मासळीच्या बाजारात उभी राहायचीस ते आठवत राहिलं. तुला मी काय काय बोललो सप्टेंबरात! माफ कर. माझ्यासारखा करंटा मीच.

लगेच निघालो असतो, पण या महिन्यात खरंच हलता येत नाही. पुढच्या महिन्यात नक्की. तोवर उत्तम डॉक्टर शोधतो. त्यासाठी दवाखान्याच्या कागदांचे फोटो लागतील. शिक्का आणि तारीख स्पष्ट दिसेल असे थुईला काढायला सांग आणि लगेच पाठवायला सांग. किती महिने म्हणाला ते डॉक्टरनं लिहून दिलंय का?

आणि वाईट वाटून घेऊ नकोस, पण काही कमीजास्त झालंच, तर थुईनं आधी मला कळवावं. गावातल्या कुणाच्याही आधी. तेवढा माझा हक्क आहे.

तुझं चित्र समोर ठेवून बसलोय. ते माझ्याकडेच आहे. माझ्याकडेच राहील.

तुझाच
दोंगुक


मुल्गोल, २७ नोव्हेंबर

दोंगुक,

माझ्या पोटात काही नाही. दवाखान्यात गेले होते ते खरं, दर वर्षी सरकारी तपासणीला जाते तशी. डॉक्टर पोरगा म्हणाला, आजी, हे पोट पन्नाशीच्या बाईचं आहे. मी तुला खोटं लिहिलं. वाक्य ओक्बुनचं होतं, फक्त किमची काढून सूप घातलं.

का लिहिलं ते सांगते. ओक्बुन गेल्यावर मी सगळ्यांना म्हणत होते, पोरगं वाईट नाही, बाजारात बिघडलंय, आतून आपलंच आहे. थुई मला म्हणाली, काकू, तुम्ही अजून त्याला चार वर्षांचा समजता. मी तिच्याशी भांडले. मग म्हटलं, बघूया.

पोस्टमन माझ्या वर्गातल्या कांगबाईचा जावई. त्यानं बघून सांगितलं, मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझी सही झाली. थुई दुकान उघडून बसली होती. तीन वाजता माझं नाव लाल झालं. खाली माझं वाक्य आलं, सुपाचं. आणि जे तू कधी विकायला काढणार नव्हतास ते चित्र विकायला लागलं. साडेपाचला गेलं. सिंगापूरला गेलं म्हणे. मग बुधवार गेला. गुरुवारी तू मला पत्र लिहिलंस की ते समोर ठेवून बसलोय.

ओक्बुन गेली तेव्हा मला वाटलं होतं की याहून वाईट आता काही वाचावं लागणार नाही.

मला ओरडायचं नाही. फक्त एक विचारायचंय, आणि याचं उत्तर खरं दे, मग पुन्हा कधी काही विचारणार नाही. मंगळवारी अकरा वीस ते तीन, या वेळात तू रडलास का? थोडं रडला असशील तर थोडं लिही. तेवढंही मला चालेल.

आत्या


सेऊल, १ डिसेंबर

आत्या,

तू ठणठणीत आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. आधी तेच लिहितो.

तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. रडलो होतो. दाराला कडी लावून, साधारण दहा मिनिटं. मग डोक्यात आलं, थुईनं कुणाला सांगितलं तर बातमी दुसरीकडून फुटेल आणि आपल्या हातात काही राहणार नाही. तू जाणार हे तर ठरलंच होतं, असं मी समजत होतो. मग चित्र माझ्याकडे पडून राहण्यात कुणाचा फायदा होता? तुझाही नव्हता.

पण आता तू हे काय करून ठेवलंस? सिंगापूरचा माणूस वाईट नाही. त्याला तुझा चेहरा फार आवडतो. त्यानं अर्धे पैसे दिलेत, उरलेले वीस डिसेंबरला. तोवर तू बरी असल्याचं बाहेर पडलं तर तो मला फसवा म्हणेल, आणि मग गुम्न्योआजी आणि ओक्बुनआजीबद्दलही लोक शंका घेतील. सगळं कोसळेल. सभागृहाचं छप्पर, गरम हवा, हान वहिनीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, सगळं त्यातच आहे. मी एकटा बुडणार नाही, एवढं ध्यानात घे.

म्हणून जास्त काही मागत नाही. वीस दिवस घराबाहेर पडू नकोस. डोंगरावर तर अजिबात नको, तिथे ती पोरं फोटो काढतात. किमचीचा कोबी थुईकडून घरात मागवून घे, अंगणात धुवायला बसू नकोस. कुणी दाराशी आलं तर थुईनं म्हणावं, झोपल्यात, बोलवत नाही. खिडकीचा पडदा लावलेला असू दे. जमलं तर थोडं कमी जेव, म्हणजे चुकून कुणी पाहिलंच तर शोभेल.

नव्या वर्षाला मी येतो. आपण दोघं सूप पिऊ. आणि वीस तारखेनंतर तू खुशाल शंभर वर्षं जग, आत्या. मी कुठे नाही म्हणतोय?

तुझाच
दोंगुक